मथू, मी उलटं सांगितलं

मथू, तुला वालूरला अग्नी दिला तेव्हा तुझ्या अंगातलं रक्त माझं होतं.

मी जरा बाजूला, बाभळीखाली उभा होतो. धूर सरळ वर जात नव्हता, शेताच्या अंगाने वाकून वाकून जात होता. मला वाटत होतं, त्यात माझाही थोडा भाग जळतोय आणि मी मात्र इथं चपला घालून, चष्मा पुसत उभा आहे. माणसाला आपल्याच रक्ताचा धूर लांबून बघायला मिळतो, असं किती जणांच्या वाट्याला येत असेल? दाजी माझ्याजवळ आले. तुझ्या नवऱ्याला तू ओळखतेसच, रडायचं असलं की तो दुसऱ्याला धीर देतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दादा, तुमी तुमच्याकडून काय कमी केलं न्हाई. तिच्या अंगानंच घेतलं न्हाई, त्याला कोन काय करंन?"

मी हो म्हणून मान हलवली.

त्या मान हलवण्याबद्दल हे लिहितोय. बाकीचं, तू कधी जन्मलीस, तुला कुठं दिलं, मागे कोण कोण आहे, ते सगळ्यांना माहीत आहे आणि तुला तर आहेच.

तू गेल्यापासून दुपारच्या वेळी मला एक विचित्र गुंगी येते. कॉलेजात पोरं प्रॅक्टिकल उरकून गेली की मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतो. समोर काचेवर मेंढीच्या एखाद्या अवयवाचा पापुद्रा असतो, रंगवलेला. आमचे रंग दोनच, गुलाबी आणि जांभळा. तुरीच्या रानावर सांज उतरते तसं दिसतं ते. तू एकदा आली होतीस बघ, खताची पोती घ्यायला दाजींबरोबर परभणीला आलीस तेव्हा. मी मोठ्या कौतुकानं तुला प्लीहा दाखवली. तू एक डोळा मिटून पाहिलंस आणि म्हणालीस, "दादा, ही तर साबुदान्याची खिचडी हाय की रं. ह्याचा पगार देतेत तुला?"

आता त्याच खिचडीत मी तुला शोधतो.

जन्माआधीच्या कोकराचं यकृत मी फार वेळ बघत बसतो. पोटातल्या पिल्लाचं रक्त आधी हाडात तयार होत नाही, मथू. सगळ्यात आधी ते गर्भाबरोबरच्या एका छोट्या पिशवीत तयार होतं, मग मुक्काम हलतो यकृतात, आणि तिथून पुढं हाडांच्या मगजात. अगदी आपल्या आबांचा कळप हलायचा तसा. एका रानात मेंढ्या बसवायच्या, रान खताळलं की पुढचं रान. पण प्रत्येक मुक्कामावरून काही पेशी पुढं जात नाहीत. त्या वाटेत अवयवांत उतरतात आणि तिथल्याच होऊन राहतात. फुप्फुसात राहिली ती फुप्फुसाची राखणदार, आतड्यात राहिली ती आतड्याची. आणि अजून पुरत्या न घडलेल्या, कोण व्हायचं ते न ठरलेल्या ज्या पेशी असतात ना, राखणदारांची लेकरं म्हण, आम्ही पूर्वी पोरांना शिकवायचो की ती सगळीकडे सारखीच, फरक पडतो तो मोठेपणी. आता तसं शिकवता येत नाही. कच्ची असतानाच ती निराळी असतात. फुप्फुसातलं कच्चं पोर वेगळं, कातडीतलं वेगळं, मगजातलं वेगळं. ज्या अवयवात ती वाढतात, तो अवयव त्यांना आपली भाषा लहानपणीच शिकवतो.

हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तुला सांगताना मी एक सोपं उदाहरण दिलं.

तुझ्या अंगावर निळे डाग उठायला लागले, तुमच्या पिठाच्या गिरणीचा जिना चढताना तुला दम लागायला लागला, आणि तू फोनवर म्हणालीस, "पट्टा सुटल्यावानी वाटायलंय दादा, मोटार फिरायली पन जातं हलंना." तपासण्या झाल्या. हाडांच्या मगजानं रक्त तयार करणं सोडून दिलं होतं. मी तुला तेवढं सांगितलं तर तू म्हणालीस, "म्हंजी माज्या हाडातली गिरणी बंद पडली म्हण की." आयुष्यभर पीठ दळलेल्या बाईला आजार समजावून सांगायला मला दोन वाक्यंसुद्धा लागली नाहीत. नवीन मूळ पेशी घालाव्या लागणार होत्या आणि त्या माझ्या जुळल्या. सगळ्या गावात केवढा आनंद झाला! तुझ्या सासूबाईंनी मला बघून हात जोडले. मी वयानं लहान, म्हटलं असं करू नका, पण खरं सांगू? मला ते हात आवडले.

हैदराबादला दवाखान्याजवळ भाड्यानं घेतलेल्या खोलीत तू मला विचारलंस, "तुजं माज्या अंगात चालंल का रं?"

मी म्हणालो, "मेंढी परकं कोकरू घेते का?"

"न्हाई. हुंगती आन ढुशी मारती."

"तसं तुझं अंग माझ्या पेशींना ढुशी मारायला बघेल. म्हणून आधी औषधं देऊन अंगाला गुंगवून ठेवायचं."

"म्हंजी मी मेंढी."

"हां."

"आन तू कोकरू."

"हां."

"येवढं थोराड कोकरू!" तू म्हणालीस आणि इतकी हसलीस की हिरडीतून रक्त आलं आणि पदर तोंडाला लावावा लागला. आई ओरडली, "हसू नगं गं, मरशील."

मग आपण आबांचं आठवत बसलो. एखाद्या मेंढीचं पिल्लू दगावलं की आबा त्याचं कातडं सोडवायचे आणि दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचे. मेंढी हुंगायची, आपलंच समजायची आणि पान्हा सोडायची. तिथंच आपलं ते जुनं भांडण पुन्हा निघालं. तुझं म्हणणं, मेंढी पिल्लू ओळखते ती आवाजावरून. वास फक्त खात्री करायला. मी म्हणालो, वासच खरा, मी ह्यातच नोकरी करतो. तू म्हणालीस, "तू काचंवरच्या मेंढ्या बगतोस. त्या वरडत न्हाईत." हे भांडण अर्धं राहिलंय. आता एकट्यानं भांडायला जमत नाही, नाहीतर कधीच जिंकलो असतो.

माझं उदाहरण खोटं नव्हतं. पण अर्धं होतं. दुसरं अर्धं असं की कधीकधी कोकरूच मेंढीला चावतं. दिलेल्या पेशींमध्ये काही तयार, शिकलेल्या पेशी असतात. त्यांना नव्या घरात सगळं परकं दिसतं. घरधनीच त्यांना चोर वाटतो. आपल्या कळपात असं कधी झालं नव्हतं, म्हणून त्याला आपल्या बोलण्यात शब्द नव्हता. पण मला ठाऊक होतं. मी ते शिकवतो.

पेशी काढण्याआधी मला इंजेक्शनं दिली तेव्हा हाडं अशी ठणकायची की जणू आतून कुणीतरी जागा मागतंय. मग मशीनला जोडलं. एका हातातून रक्त जायचं, फिरून दुसऱ्या हातात यायचं, आणि मधे एका पिशवीत ओल्या विटेच्या रंगाचं काहीतरी साठत जायचं. मी ते बघत पडून होतो. मला डुलकी लागली आणि दिसलं की पिशवीत आपला तो ताडकळसच्या वाटेवरचा माळ आहे आणि मेंढ्या एकेक करून उतरतायत, कुठं बसायचं ते अजून न ठरलेल्या. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर स्वप्न होतं. त्यात तू पुढं चालत होतीस, डोक्यावर बोचकं घेऊन.

ती पिशवी तुला चढवली. आणि तुझ्या हाडांनी माझ्या पेशी घेतल्या, मथू. अगदी नीट घेतल्या. तुझा रक्तगट बदलून माझा झाला. रिपोर्ट बघून तू म्हणालीस, "आता मला बी तुज्यासारकं जेवताना पेपर वाचू वाटंल. मालकाला सांगून ठेवते." दाजींनी रस्त्यावर जाऊन पेढे आणले, तुला खाता येत नव्हते म्हणून सगळे आम्हीच खाल्ले.

मग तुझे तळहात लाल झाले. मेंदी उतरू लागल्यासारखे. मग डोळे पिवळे. मग पोट.

डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलायचे. मीही डॉक्टर, जनावरांचा का होईना, म्हणून. पलंगाशी उभे राहून त्यांनी मला स्पष्ट सांगितलं की भावाच्या पेशी पेशंटच्या कातडीवर, यकृतावर आणि आतड्यावर हल्ला करतायत. तुम्ही तिघं माझ्या तोंडाकडे बघत होता. तू, आई, दाजी. आई म्हणाली, "काय म्हनतेत?"

मी म्हणालो, "म्हणतात, अंग अजून मानवून घेईना. औषध वाढवणार आहेत."

एवढंच. ह्या एका वाक्यापाशी मी रोज जातो. ते तोंडातून कसं आलं हे मी स्वतःला पुष्कळ विचारलं. तुला घाबरवायचं नव्हतं, असं मी आधी स्वतःला सांगायचो. ते खरं नाही. मला देणारा राहायचं होतं. जोडलेल्या हातांची सवय फार लवकर लागते, मथू. आणि उदाहरण तर मी तयारच ठेवलं होतं. मेंढीनं ढुशी मारली, संपलं. कुणाला शंकाही आली नाही.

त्याच दुपारी तू मला जवळ बोलावलंस. ओठ फुटले होते, तरी हळूहळू बोललीस. "दादा, येवड्या सुया टोचून घेतलास, हाडं दुकवून घेतलास, आन माजं अंगच नतद्रष्ट निगालं. मला माफ कर."

मी म्हणालो, "असू दे गं."

म्हणजे मी तुला माफ केलं. लक्षात येतंय ना तुला? माझ्या पेशी तुझं आतडं सोलत होत्या आणि मी, मोठ्या मनानं, तुला माफ केलं.

त्यानंतर तू स्वतःच्या अंगाशी बोलायला लागलीस. पोटावर चापट मारून म्हणायचीस, "घे की गं बाई, घे. परकं न्हाई, भावाचंच हाय." आई तुझा हात धरून ठेवायची. मधे थोडं बरं वाटलं म्हणून खोलीवर सोडलं होतं, तेव्हा तू दाजींना सांगून माझा अंगातला सदरा मागवलास. आबांचीच विद्या. वास लागला की अंग घेईल. मी घाबरलो, तुला तेव्हा साधा जंतूसुद्धा झेपला नसता. म्हणून मी सदरा गरम पाण्यात धुतला, इस्त्री केली आणि दिला. तू नाकाला लावलास, डोळे मिटून पुष्कळ वेळ हुंगलास. मग म्हणालीस, "ह्याला तर नुस्ता साबणाचा वास यायलाय रं. तू कुटं हाईस ह्यात?"

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याहून चांगली वेळ आयुष्यात येत नसते. पंखा फिरत होता, दाजी खाली गेले होते, आई डोळे मिटून पडली होती. वाक्य माझ्या तोंडात होतं. मी म्हणालो, "वापरलेला देता येत नाही, जंतू असतात." आणि तू म्हणालीस, "तुजे जंतू बी चालतेल मला." आणि तो साबणाचा सदरा अंगावर पांघरून झोपलीस.

तू गेलीस ती सकाळ होती. खाली कुणीतरी कप विसळत होतं, त्यांचा आवाज येत होता. मी तुझा हात धरला होता. त्या हातात जे वाहायचं थांबलं ते माझंच होतं, हे मला तेव्हा सुचलंच नाही. ते बाभळीखाली सुचलं.

परभणीला परत आल्यावर आईला मी सांगितलं. ती अंगणात उन्हाला बसून लसूण सोलत होती. मी म्हणालो, "आई, मथूच्या अंगानं काही नाकारलं नव्हतं. माझ्याच पेशी तिला चावल्या."

तिचा हात थांबला. "कोन म्हनलं?"

"डॉक्टर. तवाच म्हणाले होते."

"आन आमाला काय सांगितलास?"

मी खाली पडलेली लसणाची पाकळी उचलली.

"लेकरू सवताच्या पोटावर मारून घ्यायचं रं," ती म्हणाली. "म्या हात धरायची तिचा. आन तू उबा राहून बगायचास."

ती उठून आत गेली. लसूण तसाच उन्हात पडला. त्यानंतर माझं ताट वाढून झाकून ठेवायची आणि मी यायच्या आत तिच्या खोलीत जायची. मला वाईट वाटलं असं म्हणू? बरंच वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खरं वागत होतं.

मग एका सकाळी तिनं आपणहून विचारलं. चहा माझ्यासमोर ठेवला, पण उभीच राहिली.

"तुजे ते, कुटं कुटं शिरले व्हते तिच्यात?"

"कातडीत. यकृतात. आतड्यात."

"डोस्क्यात?"

"न्हाई. डोक्यातल्या राखणदार पेशी तिच्याच होत्या. त्या फार आधी, लेकरू पोटात असतानाच तिथं जाऊन बसतात. मग तिथंच त्यांची पिढी चालते. बाहेरून आलेल्याला सहसा जागा मिळत न्हाई."

"माज्या पोटात असतानी?"

"हां."

आई बराच वेळ दाराबाहेर बघत राहिली. तिथं काही नव्हतं, शेजाऱ्याची स्कूटर होती. मग म्हणाली, "मंग तिचं डोस्कं शेवटपत्तोर तिचंच व्हतं. माफी मागितली ती तिनंच मागितली. तुज्या रक्तानं न्हाई."

"हां."

"मंग हितं बसून काय करायलास? सोनीचा काल फोन आल्ता. इचारायली, आज्जी, माजं बी अंग आईवानीच हाय का? मला बी काय झालं तर कोनाचंच घेनार न्हाई का? गावातल्या बाया बोलायल्या तिच्यासमोर, मायनं भावाचं दान बी पचवलं न्हाई म्हनून. जा वालूरला."

तुझी सोनी, मथू. सेलूला कॉलेजला जाते, एसटीनं एकटी येते-जाते, तुझ्यासारखीच कुणालाही उलट बोलते. ती स्वतःच्या अंगाला भिते, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, माझं वाक्य तुझ्याबरोबर संपलं.

मी गेलो तेव्हा गिरणी चालू होती. दाजी जोंधळे दळत होते. मला बघून त्यांनी मोटार बंद केली. एवढा आवाज एकदम थांबला की काय बोलायचं तेच विसरलो. सोनी आतून आली, मला वाकून नमस्कार करायला लागली, मी पाय मागं घेतले. मग उभ्या उभ्याच सांगितलं. इंग्रजीत डॉक्टर काय म्हणाले ते, मराठीत मी काय म्हणालो ते, आणि का म्हणालो तेसुद्धा.

दाजी पुष्कळ वेळ हातावरचं पीठ झाडत राहिले. पीठ कधीच संपलं होतं, तरी झाडत राहिले. "ती रातंदिस सवताच्या अंगाला शिव्या द्यायची," ते म्हणाले. "म्या बी तिला म्हनायचो, जरा मन मोटं कर, घे अंगात. म्या बी म्हनायचो, दादा." त्यांनी हात झाडणं थांबवलं. "मला आत्ता तुमचं त्वांड बगू वाटंना. चा घ्या आन जावा."

चहा सोनीनं केला. मी घेतला. न घेऊन जाणं त्यांना आणखी जड गेलं असतं. दाजी पुन्हा गिरणीकडे वळले, पण मोटार लावली नाही.

सोनी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिच्या बोलण्यात तुझा सूर आहे, पण चालीत नाही. म्हणाली, "मामा, म्हंजी आईच्या अंगानं काहीच वाईट केलं न्हाई?"

"न्हाई."

"आन घेतलं होतं तुमचं?"

"सगळं घेतलं होतं. हाडात घेतलं, रक्तात घेतलं. रिपोर्ट आहेत."

"रिपोर्ट नका दाखवू," ती म्हणाली. "हे आईला कोन सांगनार?"

एसटी येताना दिसली. मी म्हणालो, मी सांगतो.

तर सांगतोय. मथू, तुझं अंग नतद्रष्ट नव्हतं. मी जिथं जिथं आलो तिथं तिथं तुझ्या अंगानं सरकून मला जागा दिली. वाईट वागलो तो मी होतो, आधी पेशींनी आणि मग तोंडानं. पेशींना कळत नव्हतं. मला कळत होतं.